पाहायला जाण्याआधी सोडलेल्या गोळ्या

निजामी जाऊन थोडीच वर्षं झाली होती. परभणीच्या तहसील कचेरीत उर्दू कागदांच्या मराठी नकला करायचं काम माझ्याकडे होतं. मला लहानपणापासून मिरगी. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बारीक पांढऱ्या गोळ्या सुरू केल्या आणि दोन वर्षं झटका आला नाही. पण झोप लय यायची. एकदा शेताचा नकाशा उतरवताना डुलकी लागली आणि विहिरीपासून निघालेली शाईची रेघ थेट शेजाऱ्याच्या रानात गेली. साहेबांनी विचारलं, "हा कालवा कुणी मंजूर केला?"

अशात पाथरीहून स्थळ आलं. मुलीसमोर पेंगायचं नाही म्हणून मी सहा दिवस आधी गोळ्या बंद केल्या. कुणालाच विचारलं नाही. दोन दिवसांनी डोकं हलकं वाटलं, तेव्हा मी मनातल्या मनात स्वतःला बरा झाल्याचा दाखलाही देऊन टाकला. पुढे झोप उडाली, हात कापायला लागले. ती लग्नाची हुरहुर असेल, असं मी ठरवलं.

पाथरीला मामांबरोबर गेलो. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "कचेरीत काय काम करता?"

मी ऐटीत सुरुवात केली एवढं आठवतं. शुद्धीवर आलो तेव्हा जमिनीवर कुशीवर पडलो होतो. नव्या कोटावर चहा सांडलेला, जीभ चावलेली. कुणीतरी नाकाशी चप्पल धरली होती आणि मुलगी म्हणत होती, "ती चप्पल काढा आधी. श्वास तर घेऊ द्या त्यांना."

"प्रवासाचा शीण हाय," मामा म्हणाले. मीही मान हलवली.

मुलीचे वडील शांतपणे म्हणाले, "दुखणं कुणालाबी व्हतंय. पण तुमी आमाला सांगितलं का न्हाई?"

सोयरीक तिथंच मोडली.

परभणीला परतल्यावर डॉक्टरांनी मला उभंच ठेवलं. "गोळ्या कुणी बंद केल्या?"

"मीच."

"मग डॉक्टरही तुम्हीच व्हा! अहो, हे औषध एकदम तोडलं की झटके उलटून येतात, जिवावर बेततं. झोप येत होती तर मला सांगायचं. मात्रा मी ठरवली असती."

त्यांनी हिशेबानं मात्रा थोडी कमी केली आणि दिवसभराच्या गोळ्या एकदमच झोपताना घ्यायला लावल्या. दारूला शिवायचं नाही, विहिरीवर एकट्यानं जायचं नाही, असंही बजावलं. दिवसाची पेंग बरीच कमी झाली, पुरती गेली नाही.

पुढल्या वर्षी जिंतूरकडच्या एका गावी गेलो. पाणी प्यायच्या आधीच मी दुखणं सांगितलं, गोळ्याही दाखवल्या. मुलीनं एवढंच विचारलं, "गोळी घेतल्यावर घोरता का?"

मी ठामपणे नाही म्हणालो. लग्न झालं आणि आठवडाभरात हे खोटं उघडं पडलं. तिनं अंथरूण पलीकडच्या भिंतीला नेलं. गोळी द्यायला मात्र ती रोज उठून यायची.