सेकंदाला साठ चित्रं

अण्णा स्वतःहून फोन करत नसे. सणावाराला मीच करायचो, तब्येत विचारायचो आणि तो कानडीत "सरी, सरी", म्हणजे ठीक ठीक, म्हणत दोन मिनिटांत वहिनीकडे फोन द्यायचा. म्हणून ऑफिसच्या वेळेत त्याचं नाव फोनवर दिसलं तेव्हा मी मीटिंग सोडून जिन्यात गेलो.

"अरे, तुझा तो कॉम्प्युटर अडकतोय," तो म्हणाला. "बॉलर पळत येतो, हात फिरवतो, तिथपर्यंत ठीक. मग चेंडू दिसतच नाही. दिसतो तो थेट स्टंपात."

मला हसू आलं. काहीतरी वाईट ऐकायची तयारी करून जिन्यात आलो होतो. "रविवारी येतो," म्हटलं.

अण्णा माझा थोरला भाऊ, नऊ वर्षांनी मोठा. आमचं घर बनशंकरीला, वडिलांनी बांधलेलं. मी नोकरी आणि बायकोच्या सोयीसाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला, सर्जापूर रोडला फ्लॅट घेतला आणि एकाच गावात राहून परगावचा झालो. अण्णा तिथेच राहिला. त्याने सगळी नोकरी एका कारखान्याच्या टूलरूममध्ये केली आणि कारखान्याच्या क्रिकेट संघात अठरा वर्षं सलामीला खेळला. लहानपणी मी त्याची बॅट सायकलवर धरून मागे बसायचो. चेंडू बॉलरच्या हातात असतानाच तो कुठे पडणार हे अण्णाला कळतं, असं त्याच्या संघातले लोक म्हणायचे. मुलंबाळं त्याला झाली नाहीत. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा खेळ सुटला, मग निवृत्ती आली. त्या वेळी मी नवीन लॅपटॉप घेतला होता, म्हणून माझा जुना डेस्कटॉप त्याला नेऊन दिला आणि त्यात एक क्रिकेटचा गेम घालून दिला. त्याला वेळ जाईल म्हणून दिला, असं मी सगळ्यांना सांगायचो. खरं म्हणजे मला घरात जागा करायची होती.

तो गेम त्याला लागला. रोज सकाळी कॉफी झाली की खुर्ची ओढून बसायचा. कोणती की दाबली की कोणता फटका, हे त्याने कागदावर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवलं होतं.

त्या रविवारी मी गेमच्या कोपऱ्यात एक आकडा दिसेल अशी सोय केली. सेकंदाला किती चित्रं पडद्यावर उमटतात तो आकडा. चौदा.

"म्हणजे?" अण्णाने विचारलं.

"म्हणजे एका सेकंदात तुला चौदाच चित्रं दिसतात. चेंडू अर्ध्या सेकंदात पोचतो. तुझ्या वाट्याला सहा-सात चित्रं येतात. त्यात काय कळणार?"

त्याचा चेहरा एकदम उजळला. इतका, की मला आश्चर्य वाटलं. "बघ," तो स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाला, "मी म्हणत नव्हतो? मशीनचाच प्रॉब्लेम आहे."

वहिनी दारात आली, पदराला हात पुसत उभी राहिली आणि आत गेली.

मी सावल्या बंद केल्या. गवताचं पातं न् पातं दाखवायची सोय बंद केली. प्रेक्षक कमी केले. चित्राचा बारकावा एक पायरी खाली आणला. बावीस. अण्णा दोन षटकं खेळला, एकदा त्रिफळा, एकदा झेल. "सुधारलंय," म्हणाला, "पण अजून आहे."

पुढच्या रविवारी पेटी उघडली. कॉम्प्युटर देवघराच्या शेजारी ठेवलेला, त्यामुळे आत धूळ आणि उदबत्तीची काजळी यांचा चिकट थर होता. पंख्याची पाती त्यात माखली होती. ब्रशने सगळं साफ केलं. प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खपली झाली होती, ती खरवडून नवी लावली. मशीन तापून स्वतःलाच मंद करत होतं, ते थांबलं. एकतीस.

मग दर रविवारी जायचं ठरूनच गेलं. बायको म्हणाली, चांगलं आहे, भावाकडे जाताय. मलाही चांगलं वाटत होतं. वर्षानुवर्षं अण्णाशी काय बोलावं हे मला कळत नसे. आता बोलायला विषय होता. जुन्या पार्टच्या गल्लीत जाऊन मी मेमरीची पट्टी आणली, एकोणचाळीस झाले. की दाबल्यावर बॅट उशिरा हलते अशी तक्रार त्याने केली, तेव्हा मी एक सेटिंग शोधून बंद केलं, त्याने तो उशीर कमी झाला. मी शेजारी स्टुलावर बसायचो आणि माझी नजर पडद्याच्या कोपऱ्यातल्या आकड्यावर असायची.

दुसऱ्या गोष्टी दिसत नव्हत्या असं नाही. फटक्यांचा तो कागद त्याने दोनदा नव्याने लिहिला. जुना कागद खाली, नवा वर. नव्यावरची अक्षरं निम्मी झाली होती, ओळीच्या शेवटी तर मुंग्यांसारखी. तो चालताना उजवा हात हलवायचा नाही, शरीराला चिकटवून धरायचा. चेहऱ्यावर हसू यायला वेळ लागायचा. मी पाहिलं आणि वय म्हणून सोडून दिलं. त्याचं वय तेव्हा फक्त एकसष्ट होतं.

एका रविवारी निघताना वहिनी फाटकापर्यंत आली. ती कोलारकडची, घरात मराठी बोलते पण चिडली की निम्मं कानडी होतं. त्या दिवशी ती चिडली नव्हती. हळू आवाजात म्हणाली, "भावजी, तुम्ही त्या पेटीकडे बघता. ह्यांच्याकडे पण बघा ना स्वल्प."

"का? काय झालं?"

"मला काय कळतं? रात्री कूस बदलायला मला उठवतात. विचारलं की मशीन नीट झालं की सगळं नीट होईल म्हणतात. मशीनचा आणि कुशीचा काय संबंध, सांगा तुम्ही."

"दाखवू या डॉक्टरांना," मी म्हणालो. "या महिन्यात जरा काम आहे."

काम होतं, हेही खरं. पण पुढच्या रविवारी मी डॉक्टरांचा विषय काढला नाही. मी ग्राफिक्स कार्ड घेऊन गेलो. एका सहकाऱ्याने जुनं म्हणून काढून ठेवलेलं, अण्णाच्या पेटीत जेमतेम बसलं. मशीन सुरू केलं, गेम उघडला. कोपऱ्यात साठ. बॉलर धावत आला आणि त्याच्या शर्टाची घडी हललेली दिसली. चेंडू हातातून सुटला तो शिवणीसकट दिसत होता, हवेत वळताना दिसत होता. मी टाळी वाजवली.

"साठ! अण्णा, याच्यापुढे हा पडदा दाखवूच शकत नाही."

अण्णा सरसावून बसला. पहिला चेंडू, बोल्ड. दुसरा बॅटच्या खालून गेला. तिसऱ्याला त्याने की दाबली तेव्हा यष्टिरक्षक चेंडू परत फेकत होता. सहावा चेंडू झाला, पुढचं षटक झालं. मी त्याच्या बोटांकडे बघत होतो. त्या दिवशी पहिल्यांदाच नीट बघत होतो. चेंडू त्याला दिसत होता, मानही चेंडूबरोबर वळत होती. बोट मात्र कीवर ठेवलेलं तसंच राहायचं आणि मग, फार उशिराने, खाली जायचं.

"अजून अडकतोय," तो म्हणाला.

"नाही अडकत."

"अडकतोय रे. मला दिसतंय ना."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण इतके रविवार मी त्या आकड्यासाठी घातले होते, आणि मला त्याचा राग आला. "सरक जरा," म्हटलं आणि कीबोर्ड माझ्याकडे ओढला. मी काही खेळाडू नाही. शाळेत कधी संघात नव्हतो. तीन चेंडू खेळलो. पहिल्यावर दोन धावा, दुसरा सीमेपार, तिसरा बॅटच्या मध्यावर घेऊन समोर तटवला. सगळं लोण्यासारखं चाललं होतं.

मी वळून पाहिलं. अण्णा पडद्याकडे बघत नव्हता. माझ्या हातांकडे बघत होता.

"सरी," तो म्हणाला. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर टेकून उठायला लागला. पहिल्यांदा उठता आलं नाही, परत बसला, मग उठला आणि भिंतीला धरून आतल्या खोलीत गेला. मी गेम बंद केला. वहिनीने जेवायला वाढलं, तो आला नाही.

मंगळवारी रजा काढून मी दोघांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी त्याला अंगठ्यावर तर्जनी भराभर आपटायला सांगितली. डाव्या हाताने नीट आपटली. उजवी चार वेळा आपटली, मग लहान लहान होत थांबली. मग एक वाक्य लिहायला सांगितलं. अण्णाने कानडीत घरचा पत्ता लिहिला. डॉक्टर तो कागद जरा वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या की हा कंपवात आहे. सगळ्यांना कंप दिसतोच असं नाही, काहींची हालचाल नुसती मंदावते. दोन-तीन वर्षांपासून असेल. तेव्हाच आला असतात तर तेव्हाच गोळ्या सुरू झाल्या असत्या, पडायची भीती आणि हे जखडणं इतके दिवस सोसावं लागलं नसतं.

"बरा होतो?" वहिनीने विचारलं.

"सांभाळता येतो," डॉक्टर म्हणाल्या.

 परतताना रिंग रोडवर गाड्या तुंबल्या होत्या. वहिनी मागच्या सीटवर डोळे मिटून बसली होती. मी म्हणालो, "अण्णा, तुझं अक्षर बारीक झालेलं मी पाहिलं होतं. सहा-आठ महिन्यांपूर्वीच. बोललो नाही."

अण्णा समोरच्या गाड्यांकडे बघत होता. 

"मलाही दिसत होतं," तो म्हणाला. "पण तू म्हणालास ना, सेकंदाला चौदाच आहेत म्हणून. मला वाटलं, असेल. मशीनचंच असेल. तू इंजिनिअर आहेस." मग म्हणाला, "फार बरं वाटलं होतं रे त्या दिवशी."

 

गोळ्यांनी सुरुवातीला फरक पडला. तो कुशीवर वळायला लागला, आवाज जरा मोठा झाला. मी एकदा भीत भीत विचारलं की बॉलिंगचा वेग कमी करायची सोय आहे, करून देऊ का? त्याने नाही म्हटलं. चिडून नाही, कुणी दुसरी कॉफी विचारावी आणि आपण नको म्हणावं तसं. पुन्हा तो गेम त्याने उघडला नाही. गेल्या वर्षी गोळ्यांचा असर दुपारपर्यंतच टिकायला लागला, डोस वाढला, मग त्या वाढलेल्या डोसाचे त्रास सुरू झाले. तो एकदा न्हाणीघरात पडला. आता वहिनी त्याला एकटं आत जाऊ देत नाही.

मी अजून दर रविवारी जातो. आता दुरुस्त करायला काही नसतं, आणि हातात काम नसताना माणसाच्या शेजारी नुसतं बसून राहणं मला अजून जमलेलं नाही. तासाभराने मी घड्याळ बघतो. अण्णाला ते दिसतं. तोच म्हणतो, "नीघ आता, ट्रॅफिक होईल."

मागच्या रविवारी एका नात्यातल्या मुंजीला जायचं होतं. वहिनी तयार होत होती. अण्णा पलंगाच्या कडेला शर्ट घालून बसला होता, वरची तीन बटणं उघडी. मी दारात उभा राहून किती वेळ बघत होतो कोण जाणे.

"लाव ना," तो म्हणाला.

मी खाली वाकून बटणं लावली. त्याची मान इतकी बारीक झाली आहे हे मला माहीत नव्हतं. त्याच्या अंगाला पावडरचा आणि औषधाचा वास येत होता. तो माझ्या खांद्यावरून भिंतीकडे बघत राहिला.

"वरचं राहू दे," तो म्हणाला. "गळ्याला आवळतं."