राजधरभाऊंची पाटी

सकाळी दुकान उघडलं की राजधरभाऊ आधी शेगडी पेटवत नसत, पाटी पुसत. पुण्यातल्या एका बोळात त्यांचं सहा टेबलांचं फ्रेंच बिस्त्रो होतं. कॉलेजची पोरंसुद्धा खिशाला न घाबरता पोटभर जेवत. पाटीवर ते इंग्रजीत आजचे पदार्थ लिहीत आणि प्रत्येकाखाली, तो ज्याच्याकडून शिकले त्याचं नाव. कांद्याच्या सूपखाली मादाम क्लेर. या पाँडिचेरीच्या म्हाताऱ्या फ्रेंच बाई. त्यांच्या स्वयंपाकघरात भाऊ अकरा वर्षं राबले होते.

भाऊ धुळ्याकडचे, मी तिकडच्याच असोदा गावची. चार वर्षं त्यांच्या हाताखाली रांधलं. सूपचा कांदा मंद आचेवर तासभर परतावा लागतो. एकदा घाईत मी साखर टाकून रंग आणला. भाऊंनी चव घेतली आणि पातेलं मोरीत ओतलं. "ताटमा लबाडी चालाव नही, ताई," एवढंच म्हणाले, आणि सूप पाटीवरून पुसून टाकलं. असा माणूस! त्याच्यावर डोळे झाकून विश्वास टाकला, यात माझं काय चुकलं?

हिवाळ्यात मी त्यांना असोद्याला भरीत खायला नेलं. शेतात आईने कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर हिरवी वांगी भाजली, जाळ विझल्यावर थोडा वेळ राखेतच राहू दिली आणि मग मिरच्यांबरोबर लाकडी बडगीत ठेचली. भाऊ तीनदा मागून जेवले. "अक्का, बठ्ठं शिकाड मले," म्हणत तिच्याशेजारी मांडी घालून बसले. आईनेही काही हातचं राखलं नाही. निघताना भाऊ म्हणाले, "तुन्हं नाव पाटीवर लिखसू, अक्का."

आईला वाचता येतं ते फक्त स्वतःचं नाव, लीलाबाई. बँकेत सही करण्यापुरतं शिकली तेवढंच. भाऊंनी शब्द दिला तेव्हापासून तिने पाटी बघायचा ध्यासच घेतला.

पदार्थ पाटीवर चढला. भाजलेल्या पावावर आईचंच भरीत, त्याला लांबलचक फ्रेंच नाव, आणि खाली 'मादाम क्लेर यांची आजी'.

"भाऊ, हे काय?"

त्यांनी नजरेला नजर दिली नाही. "लोक आठे फ्रेंच खावाले येतस, ताई. असोदानं नाव वाचीसन कोन खाई?"

मी पाटी पुसायला गेले, तर त्यांनी फडकं ओढून घेतलं. मी नोकरी त्यांच्या तोंडावर फेकणार होते, पण त्याच आठवड्यात आई मला न कळवता चुलतभावाबरोबर पुण्यात येऊन थडकली. सरळ पाटीसमोर जाऊन पदर सावरून उभी राहिली.

"कुठी हाय माय, माह्यं नाव?"

इंग्रजी आहे म्हणून आपल्याला ओळखू येत नाही, असं तिला वाटलं. मी भाऊंकडे पाहिलं. खडू त्यांच्या खिशातच होता. ते ॲप्रनला हात पुसत राहिले. शेवटी मीच मादाम क्लेरच्या आजीवर बोट ठेवलं. "हे बघ."

आईने त्या अक्षरांवरून हलकेच बोट फिरवलं आणि भाऊंच्या डोक्यावर हात ठेवला. भाऊंनी मान वाकवून तो आशीर्वाद घेतला. घेतला! चुलतभावाने फोटोही काढला.

महिनाअखेरीस मी ती नोकरी सोडली. कांदा मी अजूनही तासभरच परतते, ते त्यांचंच शिकवणं. पण माझ्याच तोंडून माझ्या आईशी खोटं वदवून घेतलं, याची त्यांना माफी नाही.

आई तो फोटो गावभर दाखवते. इंग्रजी वाचणारी भाचेसून एकदा फोटोकडे बघत राहिली, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, "हो मामी, तुमचंच नाव."

परवा आईने नवी वही आणून माझ्यापुढे ठेवली. "इंग्रजीत माह्यं नाव लिहाले शिकव. मंग फोटोतलं मी सोताच वाचीन."

उद्या शिकवते, म्हणाले. रोज संध्याकाळी ती वही घेऊन बसते, आणि मी रोज उद्या म्हणते.