ओढ्यावर हात धुवायला गेलेला

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी आयुष्यभर तोंडावर हसलोय. मिस्त्री माणूस मी. गाडी बंद पडली की पेट्रोल नाही तर करंट, तिसरं कारण नसतं, असं माझं डोकं. इथले तुमचे अनुभव नात मला वाचून दाखवते, तेव्हाही "गांजा ओढला असेल लेकाच्यानं" म्हणून मी मोकळा होतो. परवा ती चिडून म्हणाली, "आजोबा, तुमच्यासोबत कधीच काही झालं नाही का?" झालंय. एकदाच. म्हणून आता सांगतोय. टाइप तीच करतेय, तेव्हा चुका तिच्या.

निजामाचं राज्य होतं, तिकडं जर्मनची लढाई चालू होती. मी एकोणीस-वीस वर्षांचा, नांदेडला एका कापूस व्यापाऱ्याच्या गाड्यांवर मिस्त्री. माझी थोरली बहीण, आक्का, नांदेडातच दिलेली. तिला आठवा महिना लागला होता. आधीची दोन पोटातच गेली, म्हणून या खेपेला माय स्वतः लातूरहून न्यायला आली. व्यापाऱ्याची एक छोटी लॉरी – आता तुम्ही पिकअप म्हणता तेवढीच – लातूरला निघाली होती. ड्रायव्हर खाजाभाई म्हणजे देवमाणूस. मायलेकींना पुढं बसवून अलगद नेतो म्हणाला.

पण गाडीचं पुढचं डावं चाक घरघरत होतं. जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलवलं तर खुळखुळ्यासारखं वाजलं. बेअरिंग खलास! लढाईपायी पार्टची मारामार, हैदराबादहून बेअरिंग यायलाच कितीतरी दिवस गेले. आलं त्याच सकाळी बसवायला घेतलं. हब राकेलनं धुतला, तळहातावर ग्रीस घेऊन बेअरिंगमध्ये दाबून दाबून भरलं, नट आवळला, चाक फिरवून बघत जरासा ढिला सोडला. राहिली फक्त पिन. नटाच्या खाचेतून आरपार एक पिन घालून तिची टोकं वाकवायची असतात. ती नसली की नट फिरत फिरत सुटतो आणि धावत्या गाडीचं चाक निखळतं. बेअरिंगसोबत एकच पिन आली होती. ती मी कानावर ठेवली होती, विडी ठेवतात तशी.

तेवढ्यात माय ओरडली, "दत्त्या, आटप की रं! ऊन चढून राहिलं, पोरीला सोसंल का?"

"झालं, झालं" म्हणत मी हबची टोपी ठोकली, चाक खाली घेतलं. आक्कानं जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मला त्यांच्यासोबत जायचं होतं, पण मालकानं सोडलं नाही.

तासाभरानं घाम पुसताना बोटाला पिन लागली.

पिन खिशात टाकली. एका वकिलाची फटफटी दुरुस्तीला आली होती, ती कुणाला न विचारता काढली आणि सुटलो. लोह्यापर्यंत रस्त्याकडं कमी आणि कडेच्या शेतांकडं जास्त बघत होतो... कुठंतरी लॉरी उलटी पडलेली दिसेल म्हणून. "माझे हात तोड देवा, पण आक्काला काही करू नको," असं मोठमोठ्यानं बडबडत होतो. एरवी देवळाची पायरी न चढणारा मी!

लोहा मागं पडलं. माळाकोळीच्या अलीकडं एक उतार होता, खाली ओढा. उताराच्या तोंडाशीच लॉरी उभी दिसली. चारी चाकांवर! मला रडूच फुटलं.

माय बाभळीखाली बसली होती, हातात भाकर आणि ठेचा. मला बघून म्हणाली, "धुतले का हात? घे, खाऊन घे. अन् ही फटफटी कुणाची रं?"

"माय, पिन राहिली गं चाकाची!"

"आरं, आत्ताच लावलीस की!"

खाजाभाई हसत होता. "दत्तू, क्या मजाक करता रे? अब्बी तो तू पिन डाल के नाले कू गया ना, हात धोने."

मग माझं तोंड बघून त्याचं हसू गेलं. हळूहळू एकेकानं सांगितलं. मी म्हणे त्यांना समोरून, लातूरच्या बाजूनं, चालत येताना दिसलो. हात वर करून गाडी थांबवली, म्हणालो, "उतरा, पिन राहिली." नट आवळला, कानावरची पिन काढली आणि घातली. नट पार शेवटच्या दोन आट्यांवर आला होता म्हणे. त्या उतारावर चाक गेलंच असतं.

"म्होरून कसा आलास म्हणून मी इचारलं," आक्का म्हणाली, "तर नुसता हसलास."

मी हबची टोपी काढली. आत पिन होती. एक टोक नटावर दुमडलेलं, दुसरं कापून मागं वळवलेलं. अशी पिन फक्त मी वाकवत होतो, माझ्या उस्तादालाही ती पद्धत आवडायची नाही. आणि माझी पिन माझ्या खिशात!

तेवढ्यात ओढ्याच्या बाजूनं आवाज आला... निरगुडीच्या झाडीआड कुणीतरी पाण्यात हात खळबळत होतं.

लख्ख ऊन होतं हो, आणि माझे दात वाजत होते. जाऊन बघू, असं कुणीच म्हणालं नाही. खाजाभाईनं कलमा म्हटला आणि "बैठो, सब बैठो" एवढंच बोलला. फटफटी आम्ही दोघांनी कशीबशी लॉरीत मागं चढवली, मीही तिच्याशेजारी चढायला लागलो, तर मायनं मनगट धरून मला पुढंच ओढलं. ओढा ओलांडताना कुणी झाडीकडं बघितलं नाही.

पलीकडचा चढ लागला आणि मागून हाक आली.

"माय! ए माय, थांब की गं! मी राहिलो!"

माझाच आवाज. अगदी माझाच. आक्कानं कानांवर हात दाबले. खाजाभाईनं गाडी आणखी रेटली. माय मागं बघतच नव्हती, ती माझ्या तोंडाकडं टक लावून बघत होती. पुन्हा हाक आली, आता लांबून आणि रडवेली, "आक्का, मला सोडून चालल्या व्हय गं?"

थेट लातूर येईपर्यंत खाजाभाईनं गाडी थांबवली नाही. महिनाभरानं आक्काला मुलगा झाला, दोघं सुखरूप. त्या दिवसाचा विषय घरात कुणी काढला नाही. खाजाभाईनं तर त्या रस्त्याची फेरीच सोडली. मी नंतर लई डोकं खाजवलं. माझ्यासारखा दिसणारा कुणी असेल, उन्हानं सगळ्यांना भ्रम झाला असेल... पण दोन पिना कुठून आल्या, इथं येऊन माझं लॉजिक बंद पडतं.

माय वारली त्याच्या आदल्या दिवशी तिनं मला जवळ बोलावलं. बराच वेळ माझ्या तोंडावरून हात फिरवत राहिली. मग विचारलं, "दत्त्या, खरं सांग. त्या दिशी मी मनगट धरून गाडीत घेतला, त्यो तूच व्हतास ना?"

"हो माय, मीच होतो." दुसरं काय सांगणार?

तिनं डोळे मिटले आणि म्हणाली, "मग आक्काला वाचवणाऱ्या कुणाच्या लेकराला मी रडत सोडून आले रं?"