च‌ची बोली

उकडल्या धानाचा वास आला की तिरोड्याचं सासरचं अंगण आठवतं. स्वातंत्र्य नुकतंच मिळालं होतं आणि माझं लग्नही नवंच होतं. दोघी नणंदा माझ्यासमोरच धान उकडत बोलत होत्या. शब्दाचं पहिलं अक्षर शेवटी ढकलायचं, त्याच्या जागी 'च' लावायचा, अशी त्यांची गुप्त बोली.

"चाळीक चैसम," मोठी माझ्याकडे बघून हसली. काळी मैस.

माहेरी आम्ही मुलीही असंच बोलायचो. मी शांतपणे विचारलं, "चोणक चैसम?" कोण मैस?

धाकटीनं मान खाली घातली. मोठी भडकली, "समजते तं मुकी काऊन बसून राहिली व?"

"तुमचं मन पाहून राहिली होती, बाई."

त्यानंतर ती माझ्याशी कधी सरळ बोलली नाही. तेव्हा जिंकल्यासारखं वाटलं होतं. आता ती जाऊनही वर्षं लोटली, पण माझा राग अजून गेलेला नाही.