उभ्याने वाचणाऱ्या अक्का

आमच्या अक्का बसून कधी वाचत नसत. पुस्तक एका हातात, दुसरा हात कमरेवर, आणि पुढच्या दारापासून मागच्या मोरीपर्यंतच्या बोळातून त्यांची ये-जा चाललेली. नव्या पाहुण्याला वाटे, बाई कुणाची तरी वाट बघत आहेत. अक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. एका सरकारी कचेरीत त्या टंकलेखक होत्या. दिवसभर खुर्चीत बसून दुसऱ्यांची वाक्यं बडवायची आणि घरी येऊन परत बसायचं कशाला, असं त्यांचं म्हणणं. निवृत्त झाल्यावरही ती चाल सुटली नाही. कादंबरी बरी असली की पावलं सावकाश पडत. भिकार निघाली की चपला फटाफट वाजू लागत. भाकरी थापता थापता मी ओळखत असे, आज आणलेलं पुस्तक उद्या परत जाणार.

अशा पुस्तकाला त्यांचा एकच शब्द असे, "साकु." अक्का मूळच्या दुधनीच्या. घरची भाषा कानडी, शाळाही बरीचशी कानडीतून झालेली. लग्न होऊन सोलापुरात आल्यावर मराठी सुधारावी म्हणून त्यांनी वाचनालय लावलं. मराठी सुधारली, वाचनालय राहिलंच. पण निकाल द्यायची वेळ आली की तोंडात माहेरचा शब्द येई. साकु म्हणजे पुरे. पंगतीत वाढप्यापुढे पानावर हात आडवा धरून म्हणावं, तसं त्या पुस्तक मिटून म्हणत. त्यात राग नसे. आता नको, एवढंच.

मी शाळेत मराठी शिकवत होते, त्यामुळे लेखकांची बाजू घेण्याचं काम आपसूक माझ्याकडे आलं.

"अहो अक्का, बक्षीस मिळालंय या कादंबरीला."

"मिळू दे की. मी कुठं काढून घ्यायला चाललेय?"

"मग आवडली का नाही?"

"ह्याचा नायक चहा घेऊन बसलाय बघ. माझ्या एवढ्या फेऱ्या झाल्या, चहा गार झाला, वर साय धरली, तरी ह्याचा विचार संपंना. निदान कप विसळून ठेव म्हणावं."

एका कादंबरीतल्या नायिकेला रडू आलं की बाहेर हमखास पाऊस पडायचा. अक्का म्हणाल्या, "सोलापुरात दिली असती तर बिचारीला वर्षातनं दोनदाच रडायला मिळालं असतं." एका कादंबरीतल्या म्हाताऱ्या मेंढपाळाबद्दल म्हणाल्या, "जन्मभर मेंढरं राखली म्हणतोय आणि बोलतोय मात्र उद्घाटनाला आल्यासारखा."

त्यांचं मत नेहमी बरोबर असे, असं मुळीच नाही. माझी एक अतिशय आवडती कादंबरी त्यांनी अर्ध्यात परत केली, कारण तिच्यातली बाई दूध तापत ठेवून गच्चीवर जाते आणि मग नवऱ्याशी तिचं फार सुंदर बोलणं होतं. "दूध कुठंय?" अक्का विचारत राहिल्या. "आठ पानं झाली की गं. उतू गेलं असंल." त्या दुधाच्या काळजीत त्यांना ते बोलणं काही ऐकू आलं नाही. दोन दिवस आम्ही एकमेकींशी जेवढ्यास तेवढं बोललो.

वाचलेलं मात्र त्या साफ विसरत. एकच पुस्तक दोनदा, तीनदा घरी येई. चाळिसाव्या पानावर अक्का थबकत आणि म्हणत, "हे मी वाचलंय वाटतं." वाचनालयातल्या बाईंनी एकदा टोकलं, "अक्का, हे तुम्ही मागंच नेलं होतं." त्यावर अक्का म्हणाल्या, "तुमी एकदाच जेवताय काय?" विसरण्याचा दोष त्या स्वतःकडे कधीच घेत नसत. चांगलं पुस्तक विसरलं तर म्हणत, "हुरडा खाल्ला, गोड लागला, झालं. कुठल्या रानातला होता ते कोण ध्यानात ठेवतं?" आणि वाईट पुस्तक विसरलं तर, "त्यात ध्यानात ठेवण्यासारखं होतं काय?"

त्यांचा खरा राग होता रडारडीवर. पाठवणी, मरण, ताटातूट असं काही आलं आणि लेखकाने हंबरडा वगैरे फोडला, की अक्कांचा साकु ठरलेला. "माणसं अशी रडत नसतात," त्या म्हणत. आणि पुरावा म्हणून आपल्या आईची, म्हणजे अव्वांची गोष्ट सांगत.

अक्का लग्नानंतर सासरी निघाल्या त्या सकाळी अव्वा अंगण झाडत होत्या. टांगा दाराशी आला तरी झाडत होत्या. लेक पाया पडायला वाकली तेव्हा त्यांनी वर पाहिलं नाही. झाडलेलीच जागा पुन्हा झाडत राहिल्या. हातातला खराटा लाल चिंधीने बांधलेला होता. लेक पंचमीला माहेरी जायच्या आतच अव्वा तापाने गेल्या, त्यामुळे अक्कांजवळ आईचं शेवटचं असं तेवढंच होतं. मी बार्शीहून नवी नवरी होऊन आले आणि तोंड धुण्याच्या निमित्ताने मोरीत रडत बसले, तेव्हा अक्कांनी मला ही गोष्ट सांगितली होती. "डोळ्यातनं एक थेंब काढला न्हाय अव्वानं. पण ती जागा बघ सुमन, आरशासारखी झाली होती." माझं रडू थांबलं. पुढे घरात आलेल्या प्रत्येक सुनेने आणि घरातून गेलेल्या प्रत्येक मुलीने ही गोष्ट ऐकली. प्रत्येक कादंबरीतली प्रत्येक आई अक्कांनी या खराट्यासमोर उभी करून पाहिली. फारच थोड्या टिकल्या.

मागच्या एका उन्हाळ्यात त्यांनी वाचनालयातून एक जुनी, पुठ्ठा सुटलेली कादंबरी आणली. दुपारी चपला फटाफट वाजत होत्या, म्हणजे प्रकरण काही खरं नव्हतं. मग एकदम आवाज थांबला. मी थोडा वेळ वाट पाहिली आणि बाहेर येऊन बघितलं, तर अक्का मधल्या दाराच्या उंबऱ्यावर बसल्या होत्या. पुस्तक मांडीवर उघडं होतं.

"चक्कर आली का?" मी विचारलं.

त्यांनी पुस्तक माझ्याकडे सरकवलं. "हे वाच. मोठ्यानं वाचू नकोस."

मी वाचलं. मुलगी सासरी निघाली आहे. टांगा दाराशी आहे. आई अंगण झाडते आहे, झाडलेलंच पुन्हा झाडते आहे, वर बघत नाही. खराट्याला लाल चिंधी बांधलेली आहे.

"असं होतं कधीकधी," मी म्हणाले. "सगळ्याच आया..."

"लाल चिंधी पण सगळ्याच आयांची का?"

मी पुस्तकामागे चिकटवलेल्या चिठ्ठीवरच्या जुन्या तारखा बघू लागले. अक्काच म्हणाल्या, "लग्न होऊन आल्या आल्या जी पुस्तकं आणली त्यातलंच हे. तेव्हा एकेक शब्द लावून वाचत होते मी. मग मी अव्वाला बघितलं का हे वाचलं?"

त्यानंतर घरात कुणाला चैन पडलं नाही, कारण अक्कांना पडलं नाही. बोळातल्या फेऱ्या पुस्तकाशिवाय सुरू झाल्या. मी पोळी लाटत असताना मागे येऊन उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, "आमच्या दारात टांगा आला होता, हे तरी खरं असंल का गं? दुधनीत स्टेशन जवळ. टांगा कशाला लागतोय?" मोठे भाऊजी, म्हणजे त्यांचे यजमान, जाऊन बरीच वर्षं झाली होती. आता अक्कांना त्यांच्याबद्दलही शंका येऊ लागली. "घर घेतलं तेव्हा हे म्हणाले होते, की भिंती माझ्या, दारं तुझी. हे ह्यांचंच आहे ना? का तेही कुठल्या तरी पुस्तकातलं?" मी म्हटलं, मी स्वतः ऐकलंय. तेव्हा कुठे त्यांनी त्या दिवशी नीट जेवण केलं.

शेवटी म्हणाल्या, "अण्णाला विचारते." अण्णा म्हणजे दुधनीचे त्यांचे थोरले भाऊ. मी म्हटलं, फोन करा. "फोनवर अण्णा हो ला हो करतोय. तोंड बघून विचारलं पाहिजे." मग आम्ही दोघी सकाळच्या गाडीने दुधनीला गेलो. वाटेत अक्कांनी पुस्तक काढलं नाही. खिडकीबाहेर नांगरून टाकलेली काळी रानं जात होती, त्याकडे बघत होत्या असंही म्हणवत नाही.

अण्णा घरासमोरच्या कट्ट्यावर बसले होते. कान जरा जड, बाकी खणखणीत. बहीण-भावाचं पहिलं सगळं कानडीत झालं. मग मला कळावं म्हणून अण्णा मराठीवर आले.

"अव्वा आणि झाडत होती?" ते हसायला लागले. "अगं, लग्नघर होतं. झाडायला दहा बायका होत्या की. तुला कुणी सांगितलं हे?"

"मग अव्वा काय करत होती?"

"स्टेशनवर आली होती की. चालतच गेलो आपण सगळी. टांगा कुठला आणलाय?"

"रडली का?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, मग बहिणीकडे. "रडली म्हंजे? लई रडली. डब्याच्या दांड्याला धरून वरडत होती. पदर कुटं, केस कुटं. स्टेशन मास्तर बाहेर आला. लोक बघाय लागले. तू डब्यात बसली होतीस, नवी साडी नेसून. तुझ्या सासरची माणसं होती समोर."

"मी काय केलं?"

"तू काय करणार, लेकरू होतीस. खिडकी ओढून घेतलीस."

अण्णांना वाटलं, बहिणीला ऐकू गेलं नसावं. त्यांनी पुन्हा सांगितलं, हाताने खिडकी खाली ओढल्याची खूण करून. मग आत बघून ओरडले, "अगं, चहा झाला का न्हाय? सोलापूरची माणसं आलीत." जाताना आम्हाला घरच्या तुरीच्या डाळीची पिशवी दिली आणि म्हणाले, "अव्वाची आठवण काढलीस, बरं वाटलं. आता कोण काढतंय."

परतीच्या गाडीत अक्कांनी डाळीची पिशवी मांडीवर धरली होती. कुठल्याशा बारक्या स्टेशनवर गाडी थांबली तेव्हा म्हणाल्या, "मला मराठी धड येत नव्हतं, सुमन. आणि तेवढ्याशा मराठीत मी अव्वाला दुरुस्त करून टाकलं."

"लाज वाटली असेल तेव्हा. वय काय होतं तुमचं?"

"लाज वाटली ते एका दिवसाचं. पण नंतर किती वर्षं सगळ्यांना तीच चांगली आई सांगितली. खरी आवडली न्हाय मला."

मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेले. त्यांनी हात आडवा केला. थोड्या वेळाने स्वतःशीच म्हणाल्या, "तरी ती कादंबरी टुकारच आहे. तेवढं एक पान सोडलं तर नुसता कागद."

अक्का त्या दिवसापासून बदलल्या, मऊ झाल्या, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. रडक्या कादंबऱ्या त्यांना पूर्वीइतक्याच वाईट वाटत. फरक एवढाच पडला, की त्या रडण्याची पानं आता टाकून देत नसत. चपला वाजवत, कपाळाला आठ्या घालून, शेवटपर्यंत वाचत. "बघू दे तरी, कशी रडतेय," म्हणत. आणि पूर्वी परत केलेली पुस्तकं एकेक करून पुन्हा आणू लागल्या. बहुतेक दुसऱ्यांदाही वाईटच निघाली. माझी दुधाची कादंबरीही त्यांनी आणली. नवराबायकोचं गच्चीवरचं बोलणं यावेळी त्यांनी वाचलं, आणि म्हणाल्या, "बोलणं बरं आहे. पण दूध आहेच." खराट्याची गोष्ट मात्र त्यांनी पुन्हा कुणाला सांगितली नाही. माझी मुलगी नोकरीसाठी हैदराबादला निघाली, तेव्हा ती हट्टाने म्हणाली, "मोठ्या आई, अव्वांचं सांगा ना." अक्का म्हणाल्या, "ती लई रडली होती गं," आणि तिच्या डब्यात शेंगाचटणी भरायला आत गेल्या.

या वर्षी अक्का गेल्या. भेटायला येणारी माणसं विचारतात, शेवटी त्रास नाही ना झाला? मी म्हणते, नाही, शांतपणे गेल्या. तसंच म्हणायची रीत आहे, आणि ऐकणाऱ्याला बरं वाटतं. आणखी काही दिवस तसं म्हणत राहिले तर मलाही ते खरं वाटू लागेल. म्हणून हे लिहून ठेवते आहे.

अक्का शांतपणे गेल्या नाहीत. दवाखान्यात दुपारी त्यांना एकाएकी दम लागला आणि त्या घाबरल्या. माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. "सुमन, मला न्हाय जायचं गं," त्या म्हणाल्या. पुन्हा म्हणाल्या. मग मोठ्याने, रडत, तेच तेच म्हणू लागल्या. तोंडाला लावलेला मास्क त्यांनी ओढून काढला. केस सुटले होते. नाकातोंडातून पाणी येत होतं. समोरच्या खाटेवरच्या बाईने कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. नर्स धावत आली, मास्क पुन्हा लावला आणि म्हणाली, "आजी, हळू. बाकीचे पेशंट आहेत ना."

मला माझ्या शाळेच्या वर्गात आवाज चढवायचीही सवय नव्हती. मी अक्कांचं डोकं छातीशी धरलं आणि ओरडले, "जाऊ नका अक्का, जाऊ नका." नर्सने मला बाहेर थांबायला सांगितलं. मी गेले नाही.