झाकण वाजू नये म्हणून

नव्या रस्त्याच्या उद्घाटनाला मंत्र्यांची अ‍ॅम्बॅसेडर वरून जाताना मॅनहोलचे झाकण वाजता कामा नये, असा आदेश होता. झाकण ओतीव लोखंडाचे. ते उचलता यावे म्हणून चौकटीत जरा सैल बसते. सैल असले की चाकाखाली खडखडते.

"चौकटीभोवती काँक्रीट ओतणारच आहात," एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर म्हणाले. "तेच झाकणाच्या कडेवरही घ्या."

"साहेब, मग ते उघडायचं कसं?"

"उद्घाटनाला कोण उघडणार आहे?"

मी नागपुरात नवा ज्युनिअर इंजिनिअर होतो. कॉलेजात भ्रष्टाचाराविरुद्ध पत्रके वाटलेली. या आदेशात मला भ्रष्टाचार दिसला नाही, कारण कोणी सिमेंट चोरत नव्हते. उलट मी एकेक घमेले मोजून घेतले: एक सिमेंट, दोन रेती, चार गिट्टी. पाणी जास्त झाले की काँक्रीट कमजोर होते, म्हणून पाण्यावरून मिस्त्रीशी भांडलो. नंतर सात दिवस त्यावर ओली पोती ठेवली. काँक्रीट ओले राहून पक्के होते. त्याला क्युअरिंग म्हणतात. गाडी गेली. झाकण गप्प राहिले. साहेबांनी माझी पाठ थोपटली.

दीड महिन्याने गटार चोक झाले आणि घाण पाणी रस्त्यावर आले. बांबूच्या कमच्या घालून काही निघेना. आता शामरावांना उतरावे लागणार होते. ते पन्नाशीचे, रोजंदारीवरचे सफाई कामगार. माणूस उतरण्याआधी दोन्ही बाजूंची मॅनहोल उघडून आतला गॅस जाऊ देतात. नाहीतर माणूस आतच मरतो. एका बाजूचे उघडले. दुसऱ्या बाजूचे माझे होते.

समोरच्या दवाखान्यातून मी साहेबांना फोन केला.

"उद्घाटन झालेला रस्ता फोडायचा नाही," ते म्हणाले. "एक बाजू पुरे. त्यांना सवय असते."

मी परत आलो तर शामराव कमरेला दोर बांधत होते.

"उतरू नका," मी म्हणालो.

"काहून साहेब? रोज तं उतरतो."

"तिकडचं बंद आहे."

"कोनं केलं?"

"मी."

त्यांनी जाऊन काँक्रीटवर पहार आपटून पाहिली. टवकाही उडाला नाही. "काम मजबूत केलं तुमी," ते म्हणाले. "आमच्या वस्तीत एवढं चांगलं कोनी करत नाही."

छन्नी-हातोडा घेऊन मी, मिस्त्री आणि शामराव आळीपाळीने फोडत बसलो. तासाभरात जेमतेम वीतभर कड सुटली.

"त्या दिवशी मले थोडं पानी टाकू देलं असतं," मिस्त्री घाम पुसत म्हणाला, "तं आता जेवून राहिलो असतो."

झाकण निघायला चार तास लागले. मग तासभर थांबलो. शामरावांनी दोरीने पेटता कंदील आत सोडला. तो झटकन विझला. आत अजून गॅस होता. आणखी तासाने पुन्हा सोडला, तेव्हा जळत राहिला. शामराव उतरले. दोर मी धरला. वीस मिनिटांनी ते वर आले, नळाखाली बसले आणि मिस्त्रीकडे बिडी मागितली.

मला मेमो आला: सुस्थितीतले काँक्रीट विनापरवानगी तोडल्याबद्दल खुलासा करा. मी लिहिले, "तोडल्याचा खेद नाही. ओतल्याचा आहे." साहेबांनी दुसरे वाक्य विषयाला सोडून आहे म्हणून खोडले आणि माझी बदली काटोलला केली.

आता कुठलेही काम आले की प्रमाण मी नंतर ठरवतो. हे उघडावे लागले तर आत कोण उतरणार, ते आधी विचारतो. बहुतेक साहेबांना त्याचे नाव ठाऊक नसते.