धर्माकाकांचा शेवटचा चान्स

किस्से गोळा करायला मी मुद्दाम कधी गेले नाही. जेटीवरच्या तिकीट खिडकीत बसलं की ते आपोआप साचतात, पावसाळ्यात दाराशी चपला साचतात तसे. यंदा मात्र साचले ते सगळे एकाच गोष्टीचे, ऑनलाइन ट्रेनिंगचे! जेटी मुरुडच्या बाजूची. नेमकी कुठली ते विचारू नका, नोकरी मलाही टिकवायची आहे. तुम्ही हसा खुशाल. आम्ही तेव्हा घाबरलो होतो, खरंच घाबरलो होतो.

*

हेड ऑफिसचे साहेब आले, सगळ्या स्टाफला उन्हात उभं केलं आणि म्हणाले, "प्रत्येकाने मोबाइलवर सेफ्टीचा कोर्स करायचा. बारा धडे, मग परीक्षा. तीन चान्स. तिन्ही वेळा नापास, तो बोटीवरून खाली!"

धर्माकाका माझ्या शेजारीच होते. वय छप्पन्न, शाळा चौथीपर्यंत. बोट जेटीला लागताना पुढे उभं राहून दोर टाकायचा, हे त्यांचं काम. फास असा फेकतात की थेट जेटीवरच्या खुंट्यावर! दोर बसला की बोट सरळ राहते, नाहीतर भरतीचं पाणी तिला आडवी फिरवतं. दुसरं काम त्यांनी आयुष्यात केलं नाही आणि आता कोणी देणारही नाही.

साहेब गेल्यावर काका हळूच म्हणाले, "नीताबाय, वादळात बोट परत आणली तवा न्हाय घाबरलो. आज घाबरलोय बघ."

"काही नाही हो काका, मोबाइलच तर आहे!" मी म्हटलं. बोलायला काय जातंय? परीक्षा मलाही होती.

*

आमच्या जेटीवर नेटची रेंज नाही. पलीकडच्या जेटीवरही नाही. रेंज येते ती खाडीच्या मधोमध, जेमतेम पाच मिनिटं. तेवढ्यात धडा सुरू व्हायचा आणि काठ आला की बंद. पुढच्या खेपेला पुन्हा पहिल्यापासून!

आगीचा धडा होता. मोबाइलमधली बाई गोड आवाजात म्हणायची, "बोटीवर आग लागल्यास सर्वप्रथम..." आणि जेटी यायची. परतीच्या खेपेला पुन्हा, "बोटीवर आग लागल्यास सर्वप्रथम..." चार दिवस सगळा स्टाफ तिथेच अडकला. सर्वप्रथम काय करायचं ते कोणाला कळेना.

शेवटी बोट चालवणारे बशीरभाई वरच्या केबिनमधून ओरडले, "अरे बाबांनो, नेट येईपर्यंत कोणी बिडी पेटवू नका!"

आम्ही बोंबाबोंब केली तेव्हा कुठे माझ्या तिकिटाच्या खोलीत वायफाय आलं.

*

धडा चालू असताना आपला चेहरा कॅमेऱ्यात दिसायला हवा, नाहीतर धडा थांबतो. हे काकांना मीच सांगितलं आणि घोळ झाला.

काकांनी टोपी काढली, केसांना पाणी लावलं, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि माझ्या खुर्चीत ताठ बसले. पापणी लवत नव्हती. नाकावर माशी बसली तरी हात वर गेला नाही. पाऊण तासाने धडा संपला तेव्हा घामाने नुसते निथळत होते.

मी विचारलं, "काय शिकलात काका?"

"हललो न्हाय!"

*

पहिला चान्स. काका प्रत्येक प्रश्न अक्षरांखाली बोट ठेवून मोठ्याने वाचत होते. अडलं की परत पहिल्यापासून. पंचवीसपैकी नऊ प्रश्न झाले आणि वेळ संपली.

नऊच्या नऊ बरोबर! नापास.

*

दुसरा चान्स. मोबाइल काकांच्या सुनेचा. काका या वेळी भराभर वाचत होते. अठरा प्रश्न झाले, मी खिडकीतून तिकिटं देता देता देवाचं नाव घेत होते, आणि मोबाइल वाजला. व्हिडिओ कॉल! बोर्ली पंचतनहून सुनेची आई.

"काका, कापा! लाल बटण दाबा!" मी ओरडले.

काकांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांना चोरी करायला सांगतेय. "अगं, विहीणबाय हायत! त्यांचा फोन कापू?"

टोपी सावरली, हिरवं बटण दाबलं, हात जोडले. "नमस्कार विहीणबाय, बरं हाय ना समदं?" विहीणबाईंनी गुडघेदुखीपासून सुरुवात केली. परीक्षेचं पान कधी गेलं ते कळलंही नाही.

फोन ठेवल्यावर काकांनी परीक्षेचं पान शोधून बघितलं. मग म्हणाले, "आता एकच ऱ्हायला न्हाय?"

त्यानंतर काकांचा डबा तसाच घरी जायला लागला. सून मला येऊन विचारायची, "ताई, बाबांना कामावर काही झालंय का?" काय सांगणार? मला रात्री झोप लागेना. ह्या माणसाला खाली उतरवलं तर त्याने सकाळी उठून जायचं कुठे?

*

तिसऱ्या चान्सच्या आधी मी दोन खेपांच्या मधल्या वेळात काकांची शिकवणी घेतली. सगळं नीट चाललं होतं, एका प्रश्नावर गाडी अडली. 'बोट जेटीला लागताना दोर केव्हा टाकाल?'

काका म्हणाले, "पाणी बघून."

"चूक. 'चालकाचा इशारा मिळाल्यावरच.'"

"पन बशीरभाय इशारा कुठं देतात?"

"काका, हात जोडते, डोकं बाजूला ठेवा! लिहिलंय तेच बरोबर. घोका!"

काका घोकत बसले. चहा पिताना घोकत होते, दोर गुंडाळताना घोकत होते. आणि पास झाले! मोबाइलवर सर्टिफिकेट आलं, मी रडले, काकांनी जेटीवर पेढे वाटले. ऑफिसमधून साहेबांचा फोन आला, "अभिनंदन! आता सगळं कोर्सप्रमाणेच झालं पाहिजे हं. मी कधीही बघायला येईन."

काकांचा हसरा चेहरा एकदम उतरला. "व्हय साहेब," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली खेप. पूर्ण भरती, बोटीवर दोन टेम्पो, मच्छीच्या टोपल्या घेतलेल्या बायका, शाळेची पोरं. मी खिडकीतून बघतेय. बोट जवळ आली. काका पुढे उभे, हातात दोर तयार. नेहमीची जागा आली, दोर आला नाही. बोट आणखी जवळ आली, हळूहळू आडवी व्हायला लागली. काका वर बशीरभाईंकडे बघतायत, बशीरभाई काकांकडे बघतायत, दोर काकांच्या हातातच!

"काका, टाका!" मी बाहेर धावत किंचाळले. बायका किंचाळल्या. धाडकन बोट दगडी कडेवर आदळली, टोपल्या उलटल्या, एक पोरगी कठड्यावरून जवळजवळ गेलीच होती, टेम्पोवाल्याने दप्तर धरून तिला मागे ओढलं.

कोणाला लागलं नाही. बशीरभाई धडधडत खाली आले, चेहरा पांढराफटक. "धर्मा, दोर का नाही टाकलास?"

काकांनी हातातला दोर पुढे धरला. "तुमी इशारा न्हाय दिलात."

"इशारा?" बशीरभाई म्हणाले. "मी अजून त्या धड्यापर्यंत पोचलोच नाही!"